तूर्तास कपाटात ठेवलेलं पुस्तक

वाचकाचं पत्र (संक्षेपाने, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल लिहितात: आमचं वाचनालय गावातल्या माध्यमिक शाळेला दर महिन्याला चाळीस पुस्तकांची पेटी देतं. गेल्या पेटीतलं एक आत्मकथन आठवीतल्या मुलीने घरी नेलं. त्यात जातिवाचक शिव्या आहेत आणि एका मुलीवर हात टाकल्याचा प्रसंग आहे. मुलीचे वडील आणखी तिघांना घेऊन वाचनालयात आले. त्यांनी दोन पानांचे फोटो दाखवले. तेच फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरले. त्यांचं म्हणणं असं की पुस्तक काढून टाका, ‘असल्या’ सगळ्या पुस्तकांची यादी द्या आणि याआधी हे पुस्तक कोणकोणत्या मुलांनी नेलं ते सांगा. ‘या पुस्तकावर बंदी आहे’ असंही एकजण म्हणाले. अध्यक्षांनी फोनवर सांगितलं, ‘तूर्तास कपाटात ठेवा, विषय मिटेल.’ मी ठेवलं. पुढे एका जुन्या सभासदाने तेच पुस्तक मागितलं, तर मी ‘बाहेर गेलंय’ म्हणून सांगितलं. तेव्हापासून स्वस्थ वाटत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पेटीच बंद करू. मी लढायचं की गप्प बसायचं?

ताई,

लढणं आणि गप्प बसणं या दोन्हींच्या आधी एक काम आहे. ते पुस्तक आज कपाटातून काढा आणि त्याच्या जागी लावा.

हे धाडस म्हणून सुचवत नाही. तुमची नोंद खोटी होऊ नये म्हणून सुचवतो आहे. दाखल नोंदवहीत पुस्तक आहे, तालिकेत (कॅटलॉगमध्ये) आहे, फळीवर नाही आणि कुणा सभासदाच्या नावावरही नाही. अशा पुस्तकाला साठापडताळणीत गहाळ म्हणतात, आणि गहाळ पुस्तकाचा जाब ग्रंथपालाला विचारला जातो. फोनवर ‘कपाटात ठेवा’ म्हणणारे त्या दिवशी ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणू शकतात. आक्षेप आल्यावर पुस्तक ‘जीर्ण’ दाखवून निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून बाद करायच्या पुस्तकांच्या, यादीत ढकलण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. ती तर याहून वाईट. धडधाकट पुस्तक जीर्ण म्हणून बाद करणं म्हणजे अनुदानातून घेतलेल्या मालमत्तेची खोटी नोंद. तुमच्यावर कधी कारवाई झालीच तर त्या आत्मकथनावरून होण्यापेक्षा अशा नोंदीवरून होण्याची शक्यता जास्त.

त्या जुन्या सभासदांना ‘पुस्तक उपलब्ध झालं आहे, राखून ठेवू का?’ एवढाच निरोप द्या. पुरे आहे.

आता अध्यक्षांचं. तुमच्या पत्रात असं गृहीत धरलेलं दिसतं की अध्यक्षांचा शब्द म्हणजे वाचनालयाचा निर्णय. तसं नसतं. तुमची संस्था नोंदणीकृत आहे, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता घेऊन अनुदान घेते, आणि तिचे निर्णय कार्यकारी मंडळाच्या ठरावाने होतात. तरीही अध्यक्षांशी वाद घालू नका. तुटपुंज्या वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाने एकटीने अध्यक्षांसमोर उभं राहावं असा सल्ला देणं सोपं आहे, निभावणं तुम्हाला आहे. त्याऐवजी त्यांना चार ओळींची टिपणी द्या: ‘अमुक तारखेच्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार दाखल क्रमांक अमुकचे पुस्तक देवघेवीतून बाजूला ठेवले होते. याबाबत मंडळाचा ठराव नसल्याने ते पुन्हा जागेवर लावले आहे. आक्षेप लेखी आल्यास तो मंडळापुढे ठेवते. पुस्तक बाजूला ठेवायचे असल्यास कृपया लेखी आदेश द्यावा.’ आवक-जावक नोंद करा, कार्यवाहांना प्रत द्या. असे लेखी आदेश सहसा येत नाहीत, कारण तोंडी सांगणाऱ्यालाही त्याखाली सही करायची नसते. आलाच, तर तो पाळा आणि फाईलला लावा. मग तो निर्णय त्यांचा असेल, आणि पुस्तक मागणाऱ्याला ‘बाहेर गेलंय’ न सांगता ‘मंडळाच्या आदेशाने बाजूला आहे’ असं खरं सांगता येईल.

वडिलांकडे वळू. ‘वडील आले’ आणि ‘पुस्तक काढून टाका’ या दोन गोष्टी तुमच्या मनात एक झाल्या आहेत. त्या सुट्या करा. ‘माझ्या मुलीला हे देऊ नका’ आणि ‘कुणाच्याच मुलीला देऊ नका’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीवर त्यांचा पूर्ण हक्क आहे आणि ती तुम्ही पाच मिनिटांत मान्य करू शकता: मुलीच्या सभासदपत्रावर पालकांची सूचना नोंदवायची, शाळेतल्या पेटीप्रमुख शिक्षकांना कळवायचं. दुसरी मागणी इतर पालकांच्या वतीने केलेली आहे. तिला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि एकापेक्षा जास्त माणसं लागतात. बरेचदा चिडून आलेल्या पालकाला पहिलीच गोष्ट हवी असते, पण ती कशी मागायची हे कुणी विचारत नाही. सोबत आलेले तिघे मागणी वाढवत नेतात. म्हणून पुढच्या वेळी एकट्या वडिलांना बसवा, पाणी द्या आणि विचारा: ‘तुम्हाला नेमकं काय व्हायला हवं आहे?’ उत्तर मिळेपर्यंत पुस्तकाची बाजू मांडू नका. ‘याला पुरस्कार मिळालाय’ हे वाक्य तर काउंटरवर मुळीच नको. समोरच्याला ते ‘तुम्हाला कळत नाही’ असंच ऐकू येतं.

गटाने लोक आले तर बोलायला एकजण निवडायला सांगा आणि तुमच्या बाजूने दुसरा कर्मचारी हजर ठेवा. पुस्तक कुणाला हातात घेऊन जाऊ देऊ नका. वाचायचं असेल तर वाचनकक्षात पूर्ण पुस्तक द्या. सभासद असेल तर त्याच्या सभासदपत्रावर रीतसर घरी न्यावं. आवाज चढले, धमकी आली, तर ११२ ला फोन करायला संकोच नको. पुण्याच्या भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी हल्ला झाला तो एका पुस्तकावरच्या रागातूनच, आणि नासधूस झाली ती त्या पुस्तकाच्या प्रकाशकाची नाही, एका संशोधन संस्थेच्या ग्रंथ-हस्तलिखितांची झाली. माणसं गेल्यावर लगेच नोंदवहीत लिहा: तारीख, वेळ, कोण आलं, काय मागितलं, तुम्ही काय सांगितलं. मतं लिहू नका.

मग अर्ज. एका पानाचा छापील नमुना करून ठेवा आणि आक्षेप तोंडी आला की तो पुढे करा. अर्जदाराचं नाव, पत्ता, सभासद आहे का. पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक. पुस्तक पूर्ण वाचलं का, नसल्यास कोणती पानं. आक्षेप काय, स्वतःच्या शब्दांत. काय व्हावं असं वाटतं. या शेवटच्या प्रश्नाखाली चार पर्याय द्या: फक्त माझ्या पाल्याला देऊ नये, वरच्या वयोगटात हलवावं, बालविभागातून काढावं, वाचनालयातूनच काढावं. सही, तारीख. शुल्क नाही. एका अर्जात एकच पुस्तक. पोच द्या, आवक क्रमांक घाला. ‘पूर्ण वाचलं नाही’ असं कुणी लिहिलं तरी अर्ज नाकारायचा नाही. तो प्रश्न अर्जदाराला अडवायला नाही, पुढे समितीला कळावं म्हणून आहे.

‘एका अर्जात एकच पुस्तक’ ही अट क्षुल्लक वाटेल, पण सोडू नका. अमेरिकेत ग्रंथालयांमधल्या आक्षेपांची नोंद तिथली ग्रंथालय संघटना, अमेरिकन लायब्ररी असोसिएशन, ठेवते. २०२४ साली तिने ८२१ प्रयत्न नोंदवले आणि त्यांत पुस्तकं होती २,४५२. म्हणजे न वाचता, तयार यादी समोर ठेवून आक्षेप घेण्याची रीत तिथे रुळली आहे. तुमच्याकडे मागितलेली ‘असल्या पुस्तकांची यादी’ हा त्याच वाटेवरचा पहिला दगड. ती यादी करू नका. मंडळाने सांगितलं तरी आधी विचारा, निकष कोणता? ‘शिवी असलेली पुस्तकं’ म्हटलं तर मराठीतली निम्मी ग्रामीण कथा आणि बहुतेक दलित आत्मकथनं त्यात येतील. शिवाय ती यादी तुमच्या सहीची असेल, तुमच्याच वाचनालयाविरुद्ध वापरली जाईल, आणि दुसऱ्या गावी ‘तिथल्या ग्रंथपालांनीच मान्य केलंय’ म्हणून दाखवली जाईल.

कोणी पुस्तक नेलं होतं तेही सांगायचं नाही, वडिलांना नाही, मुख्याध्यापकांना नाही. इथे तुमची व्यवस्था एकदा तपासून पाहा. पुस्तकाच्या मागच्या खिशातल्या कार्डावर सभासदाचं नाव लिहिता की क्रमांक? नाव लिहीत असाल तर आजपासून फक्त क्रमांक. देवघेवीची वही काउंटरवर उघडी पडलेली असते आणि कुणीही उलटी करून वाचतं, ती आतल्या बाजूला घ्या. आणि शाळेला सांगा की त्या मुलीला वर्गात यावरून काही विचारू नये. तिने पेटीतलं पुस्तक रीतसर नेलं, एवढंच केलं. या प्रकरणात तिला सगळे विसरले आहेत. आठवीतल्या मुलीला एकदा कळलं की घरी नेलेल्या पुस्तकावरून गावात बोलणं होतं, की तिच्या मैत्रिणीही पेटीजवळ येणार नाहीत.

‘बंदी आहे’ या वाक्याला एकच उत्तर: ‘अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख द्या.’ राज्य शासन एखादं पुस्तक जप्त झाल्याचं जाहीर करतं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५), कारणं नमूद करून, राजपत्रात. त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं आणि ते प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालतं. कारणं नीट दिली नाहीत तर अधिसूचना टिकत नाही. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकाच्या जप्तीची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. कोणत्या समूहांत तेढ वाढते हे अधिसूचनेत सांगितलेलंच नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. आणि कागद मागणं किती महत्त्वाचं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिसलं. सलमान रश्दी यांच्या कादंबरीची आयात रोखणारी १९८८ ची अधिसूचना कुणालाच सादर करता आली नाही, तेव्हा ती अस्तित्वातच नाही असं धरून चालावं लागेल असं न्यायालयाने म्हटलं. छत्तीस वर्षं सगळे ‘बंदी आहे’ म्हणत होते.

अधिसूचना खरोखर निघालेली असेल तर मात्र चर्चा संपते. प्रती काढून घ्याव्या लागतात. पोलीस प्रत न्यायला आले तर लेखी पत्र मागा, पंचनाम्यात दाखल क्रमांक लिहून घ्या, प्रत ठेवा. नाहीतर पुढच्या साठापडताळणीत तेही पुस्तक तुमच्या नावावर गहाळ. प्रकाशकाने एखादं पुस्तक बाजारातून मागे घेतलं म्हणजे त्यावर बंदी आली असंही नाही. वाचनालयातली जुनी प्रत त्यामुळे बेकायदा होत नाही.

अश्लीलतेचा मुद्दा निघाला तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येच साहित्य, कला, विज्ञान, विद्या यांच्या हितासाठी असलेल्या लेखनाला अपवाद आहे. अठरा वर्षांखालच्यांना अश्लील वस्तू देण्याचं कलम २९५ वेगळं आहे, पण तिथेही ती वस्तू मुळात २९४ नुसार अश्लील ठरावी लागते. दुसरं, न्यायालयं लेखन समग्र वाचतात, दोन पानांवर ठरवत नाहीत. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका मराठी कथेवर खटला झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये कथा अश्लील नाही असा निकाल लागला, तोही सबंध कथा वाचून. हे वडिलांना ऐकवायला नाही सांगत, मंडळाची धास्ती कमी व्हावी म्हणून सांगतो आहे. वकिलाची नोटीस आली, तर मात्र स्वतः उत्तर लिहू नका. कार्यवाहांमार्फत वकिलाकडे द्या.

आता समिती, कारण खरी कसोटी तिथे आहे. पाच जण घ्या: कार्यकारी मंडळातले एक, शाळेतल्या मराठीच्या एक शिक्षिका, एक आई, एक नियमित वाचणारे सभासद आणि शेजारच्या एखाद्या शाळेचे ग्रंथपाल. तुम्ही सचिव, टिपणं ठेवा, मत देऊ नका. ज्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बाजू घेतली आहे त्यांना घेऊ नका, कुठलीही बाजू असली तरी. मुदत तीस दिवस, बैठका जास्तीत जास्त दोन.

अशा समित्या बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बिघडतात. कुणीतरी सोयीसाठी ‘त्या’ दोन पानांच्या झेरॉक्स वाटतं, बैठकीत सगळे तेवढंच वाचतात, आणि मोठ्या आवाजाचा माणूस पहिला बोलला की बाकीचे माना हलवतात. म्हणून झेरॉक्स वाटायच्या नाहीत. प्रत्येकाने पूर्ण पुस्तक वाचायचं आणि बैठकीआधी अर्धं पान लिहून तुमच्याकडे द्यायचं, एकमेकांना न दाखवता. दुसरी अडचण प्रतींची. एकच प्रत असेल तर पाच जणांना ती पुरवता पुरवता महिना जाईल, आणि दरम्यान पुस्तक फळीवरही हवं. दोन जादा प्रती विकत घ्या किंवा जिल्हा ग्रंथालयाकडून, शेजारच्या वाचनालयाकडून मागवा. तुमच्या प्रतीवर लक्षही ठेवा. आक्षेपाची बातमी पसरली की अशी प्रत कुणीतरी नेतं आणि परत आणत नाही.

आक्षेपाचा निर्णय होईपर्यंत पुस्तक देवघेवीत राहिलं पाहिजे, यावर मी अडून आहे. एरवी अर्ज देणं हीच बंदी होऊन बसते, आणि मग समितीची बैठक घ्यायची घाई कुणालाच उरत नाही.

समितीने काय पाहायचं? पुस्तक कोणत्या वाचकासाठी घेतलं होतं. तो प्रसंग, ती शिवी पुस्तकात काय काम करते. तुमच्याकडच्या आत्मकथनाच्या बाबतीत फोटोतल्या पानावर शिवी दिसते, पण ती कोण कुणाला देतो आहे हे दिसत नाही. ती लेखकाला दिलेली शिवी आहे. ती खोडली तर उरेल ते सभ्य असेल, पण साक्ष म्हणून खोटं असेल. मुलीवर हात टाकल्याचा प्रसंगही तसाच तपासा: तो वाचकाला कुणाच्या बाजूला उभं करतो? तेरा-चौदा वर्षांच्या मुलींपैकी काहींनी असा अनुभव घेतलेला असतो आणि कुणाला सांगितलेला नसतो. हा मुद्दा समितीतल्या पुरुषांना सुचेलच असं नाही, म्हणून आई आणि शिक्षिका हव्यातच.

पण तुम्हालाही एक प्रश्न. हे पुस्तक पेटीत गेलं कसं? चाळीस पुस्तकं भरायची होती, फळीवरून हाताला आली ती भरली, असं झालं असेल तर वडिलांच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पाचवीचं मूल आणि दहावीचं मूल एकाच पेटीतून पुस्तक उचलत असेल तर चूक पेटीच्या रचनेत आहे. दोन पेट्या करा: पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी. प्रत्येकीसोबत पुस्तकांची यादी आणि दर पुस्तकाला दोन ओळी, शिक्षकांच्या सहीने. मुख्याध्यापकांना पेटी बंद करण्यापेक्षा हे पटेल, कारण मग पालक विचारायला आले तर त्यांच्या हातात कागद असेल.

हे पुस्तक मोठ्यांच्या पेटीत जावं की फक्त वाचनालयाच्या मुख्य विभागात राहावं यावर समितीत दोन मतं होतील, आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. माझं मत आठवी ते दहावीच्या पेटीकडे झुकतं, शिक्षिकेने आधी वाचलं असेल तर. मात्र जागा बदलणं आणि लपवणं यांत गल्लत होऊ देऊ नका. तालिकेत नवी जागा दिसते का, आणि ज्या वाचकासाठी पुस्तक आहे त्याला ते कुणाला न विचारता हाती येतं का, एवढं पाहा. ‘मागितलं तर देऊ’ म्हणून काउंटरमागे ठेवलेलं पुस्तक किशोरवयीन मुलं मागत नाहीत.

ठरावात कारणं लिहा, दोन-तीन वाक्यांत. ‘समितीच्या मते पुस्तक चांगले आहे’ असं नको. पुस्तक चांगलं की वाईट हा ठरावाचा विषय नाही. अमुक वाचकांसाठी, अमुक विभागात ते ठेवणं योग्य आहे का, एवढाच आहे. अर्जदाराला पत्र द्या, त्यात त्यांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत नमूद करा, निर्णय आणि कारण सांगा. पटलं नाही तर तीस दिवसांत कार्यकारी मंडळाकडे एकदा दाद मागता येईल हेही लिहा. त्याच पुस्तकावर तीन वर्षं पुन्हा समिती बसणार नाही असा नियम करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचनालयातर्फे कुणीही काही लिहायचं नाही. पत्रकाराने विचारलं तर कार्यवाह सांगतील: ‘अर्ज आला आहे, समिती पुस्तक वाचत आहे, अमुक तारखेपर्यंत निर्णय होईल.’

समितीने पुस्तक काढायचं ठरवलं तर? असंही होऊ शकतं. तेव्हा तुमचं भिन्न मत इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि ठरावाची अंमलबजावणी करा. दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात ठराव क्रमांक आणि तारीख लिहा, ‘जीर्ण’ लिहू नका. तीन वर्षांनी, दुसऱ्या मंडळापुढे, एखाद्या सभासदाला त्या नोंदीवरून ते पुस्तक परत मागता येईल.

शाळेत ग्रंथपाल असलेल्यांना यातलं बहुतेक तसंच लागू आहे. फक्त कार्यकारी मंडळाच्या जागी शाळा समिती किंवा शाळा व्यवस्थापन समिती येईल, आणि समितीत पालक-शिक्षक संघातलं कुणीतरी हवं. आक्षेप आल्यावर नियम करायला बसलात तर तो त्या एका माणसाविरुद्ध केल्यासारखा दिसतो. ज्यांच्याकडे अजून काही झालेलं नाही त्यांनी पुढच्याच बैठकीत एका पानाचं ग्रंथनिवड धोरण मंजूर करून घ्यावं: पुस्तकं कोण निवडतं, कशाच्या आधारे, देणगीत आलेली पुस्तकं न पाहता फळीवर जात नाहीत, आणि आक्षेप आला तर वर सांगितलेला मार्ग.

तुमच्याकडे आक्षेप आधीच आला आहे, तेव्हा तुमचा क्रम उलटा होईल. या आठवड्यात पुस्तक जागेवर, टिपणी अध्यक्षांकडे, कोरा अर्ज वडिलांच्या घरी, शक्यतो त्यांच्या ओळखीच्या एखाद्या शिक्षकाहाती. त्यांनी पहिल्या पर्यायावर खूण केली तर समितीची गरजच पडणार नाही. दोन पेट्यांचं काम मात्र तरीही करा.